चौथ्या दिवशीचे डाग

"आले पुन्हा!" सुनेने डिशवॉशरचं दार असं ओढलं की आतल्या वाट्या थरारल्या.

आतल्या स्टीलवर तांबूस ठिपके होते. रविवारी तिने घासघासून काढले होते. आज गुरुवार.

"बाबा, ती लोखंडी सुरी परत आत घातलीत ना?"

"सुरी तूच फेकलीस की गं, महिना झाला," सासरे पेपरामागून म्हणाले.

"मग दुसरी लपवली असेल! नाहीतर काय मशीनला गोवर आलाय?"

सासऱ्यांनी पान उलटलं.

"चाळीस वर्षं सिंकच्या कारखान्यात स्टील चकाकवलंत म्हणे. आणि घरातलं एक मशीन तुम्हाला धड ठेवता येत नाही!"

सासरे उठले. ओट्याखालून तारेची कोरी घासणी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. "ही घे. जुनी झिजली असेल."

"उपकार झाले!" तिने घासणी हिसकावली आणि सगळा राग त्या पत्र्यावर काढला.

संध्याकाळी नवरा बूट काढतोय तोच तिने सुरुवात केली. "मागच्या वर्षी वन्सं न्यायला आल्या, तेव्हा कोण छाती ठोकत होतं? 'मी असताना बाबा लेकीकडे राहणार? लोक तोंडात शेण घालतील!' आता एक तर ते शेण खा, नाहीतर हे डाग घासा."

त्याने डाग घासायचं ठरवलं. रविवारी तारेने तासभर घासलं, बोटांची सालं काढून घेतली. आतून मशीन आरशासारखं झालं. बायकोला त्याने तीनदा बोलावून दाखवलं.

गुरुवारी ठिपके हजर.

"बस्स झालं!" तो वडिलांवर ओरडला. "साध्या मशीनशी कसलं वैर तुमचं? बॅग भरा. उद्या ताईकडे सोडतो."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हातारा खाली बघून म्हणाला.

बॅग दहा मिनिटांत भरून झाली. बापाचं सामान एवढंसंच, हे बघून मुलाला क्षणभर कसंसंच झालं. पण राग मोठा होता.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना बहिणीच्या दारात उतरवून परस्पर निघून गेला. लेकीने त्याच्या नावाने बोटं मोडली.

"एका डागापायी बापाला हाकललं? माझ्या मशीनला काय डाग नाहीत? हे बघा, केवढा!" संतापाच्या भरात तिने सिंकवरची तारेची घासणी उचलली आणि मशीनचं दार उघडलं.

म्हाताऱ्याने बॅग टाकली आणि धावत जाऊन तिचा हात धरला.

"तार ठेव खाली! तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि चौथ्या दिवशी गंजून वर येतात. मऊ फडकं आण, लिंबू आण. इथून मला कुठंही जायचं नाही."