कोरडी गादी

सोफ्याची गादी सलग चौथ्या दिवशी कोरडी लागली, तेव्हा तिला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, लघवी आवरेनाशी झाल्यापासून ती पार थकून गेली होती. कामावरून यायचं, कव्हर काढायचं, स्पंजवर सोडा भुरभुरायचा, घासायचं, पंख्याखाली वाळत ठेवायचं. मनगटं भरून यायची.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून ती दुपारीच घरी आली. सोफा रिकामा होता. अण्णा बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पेंगत होते, मान एका बाजूला कलंडलेली.

"इथं कशाला बसलात?"

"चार दिवस इथंच बसतोय," अण्णा ओशाळून म्हणाले. "या खुर्चीवर तांब्याभर पाणी ओतलं की झालं. तुझे हात दुखतात, दिसतं मला."

गादी कोरडी बघून रोज किती बरं वाटलं होतं तिला.

"सोफ्याचं कव्हर आज धुवायलाच काढायचंय," ती म्हणाली. "या आत. टेकून बसा."

अण्णांनी सोफ्याकडे पाहिलं. धुतलेल्या कव्हरवर एक सुरकुतीही नव्हती. त्यांनी उठायला हात पुढे केला.