आठ नंबरची जागा

राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या रचनेत योगायोगाला थारा नसतो. प्रत्येक खेळाडूची जागा हे दीर्घ चिंतनाचं फळ असतं. प्रशिक्षकांनी हे वाक्य सामन्याच्या सहा दिवस आधी, बैठकीच्या खोलीत, पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहून उच्चारलं. मागच्या चारही पराभवांआधी त्यांनी हेच उच्चारलं होतं.

फळ्यावर मैदान आखलेलं होतं आणि त्यावर नंबरांच्या गोल चुंबकी चकत्या. गोलरक्षक, मागे चौघं, मधे दोघं, पुढे तिघं. दहाच झाल्या. अकरावी, आठ नंबरची, प्रशिक्षकांच्या हातात होती. त्यांनी ती मधल्या फळीत टेकवली आणि लगेच काढून घेतली. उजवीकडे टेकवली, काढून घेतली. मग मूठ मिटून ते बराच वेळ विचारात पडले.

आठ नंबर म्हणजे संघातला सर्वांत जुना खेळाडू. वय चौतीस, गुडघा पन्नाशीचा; पोरं त्याला काका म्हणत. निवृत्तीआधी एक शेवटची मोठी स्पर्धा खेळायची, एवढंच त्याला हवं होतं. तिचा संघ या सामन्यानंतर निवडला जाणार होता.

"आठ नंबरला ठरलेली जागा नाही," प्रशिक्षक अखेर म्हणाले. "त्यानं वाटेल तिथं फिरायचं. हीच आपली चाल." चकती त्यांनी फळ्याखालच्या पट्टीवर, डस्टरशेजारी ठेवली.

काकानं ही चाल घरी जाऊन सांगितली.

बायकोनं चष्मासुद्धा न काढता निकाल दिला. ती विमा कचेरीत होती. तिला माणसं कशी हलवतात ते ठाऊक होतं. "आमच्या हेडक्लार्कना असंच सांगितलं होतं. कुठल्याही टेबलावर बसा, सगळ्यांना मार्गदर्शन करा. पंधरा दिवसांत हातात नारळ."

"मार्गदर्शन करा असं नाही म्हणाले ते."

"म्हणतील."

त्यानंतर काकाला सगळीकडे काळंबेरं दिसू लागलं. डॉक्टरांनी त्याचा गुडघा दोनदा दाबून पाहिला आणि दोन्ही वेळा 'हं' म्हटलं. सहप्रशिक्षक त्याला पाहताच वही मिटू लागले. कपडेवाल्यानं प्रत्येकाला दोन जर्सी दिल्या, त्याला एक. "दुसरी धुवायला गेलीये," कपडेवाला म्हणाला. काकानं ते ऐकून घेतलं, मानलं नाही.

सामना सुरू झाला तेव्हा त्याचं चित्त चेंडूवर नव्हतंच. आपल्या बाकावर सहप्रशिक्षक एका राखीव खेळाडूच्या कानाशी लागले होते. काय कुजबुज चाललीये ते ऐकायला काका सरकत सरकत कडेच्या रेषेपाशी गेला. मागोमाग प्रतिस्पर्ध्यांचे दोन धिप्पाड बचावपटूही आले. फळी सोडून एकटा फिरणारा हा माणूस कसला डाव टाकतोय, या संशयानं त्यांना ग्रासलं होतं. काका पाणी प्यायला थांबला, तेही थांबले. काका बुटाची नाडी बांधायला वाकला, ते दोन बाजूंनी पहाऱ्यावर उभे राहिले.

तेवढ्यात मधे पडलेल्या भगदाडातून पोरांनी गोल केला. अर्ध्या तासानं काका पुन्हा बाकाकडे कान लावायला गेला, आणि पोरांनी दुसराही गोल केला. चेंडूला त्याचा पाय सबंध सामन्यात चारदा लागला, त्यातला एक चुकून.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी या विजयी चालीला 'निराकार आठ' असं नाव दिलं. जाणकारांनी बाण काढून आकृत्या छापल्या. आठ नंबर हाच या रचनेचा कणा आहे, असं म्हणत निवड समितीनं काकाचं नाव यादीत सर्वांत वर लिहिलं.

काकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं आपल्याला ओळखलं, त्याच्यावर आपण सहा दिवस नाही नाही तो संशय घेतला. माफी मागायला तो बैठकीच्या खोलीत गेला. प्रशिक्षक नव्हते, 'निराकार आठ'वर व्याख्यान द्यायला गेले होते. फळा तसाच होता. दहा चकत्या आपापल्या जागी, आठ नंबर खाली डस्टरशेजारी.

काकानं ती चकती उचलली आणि हक्कानं मैदानाच्या मधोमध लावली. ती खाली पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली.

त्यानं ती उलटी करून पाहिली. मागे सुकलेल्या डिंकाचा ठिपका होता. लोहचुंबक नव्हतं.