कोरी पेटी

सेकंडहँड टुरिंग बाइक घेतली तेव्हा तिच्या मागच्या पेटीवर आधीच्या मालकाचे स्टिकर होते: लेह, स्पिती, कन्याकुमारी. "राहू दे की, भारी दिसतंय," मैत्रीण म्हणाली. न पाहिलेली गावं मला मिरवायची नव्हती. खोबरेल चोळून सगळे खरवडून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी घणसोलीहून निघाले, सिग्नलला गाडी दोनदा बंद पाडली आणि वाशीच्या फळबाजारात बाबा हमाली करतात त्या गाळ्यासमोर उभी केली. "एवढं धूड पोरीला झेपतंय व्हय?" त्यांच्या जोडीदाराने विचारलं. "तिनंच चालवत आणलंय न्हवं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू दावलेल्या फोटोत पेटीवर गावं व्हती. कुठं गेली?" "ती माझी नव्हती." बाबांनी सफरचंदाच्या खोक्यावरचं लेबल अलगद सोडवलं, कोऱ्या पेटीवर मधोमध चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं. 'फळबाजार, वाशी.' "हितं मात्र तूच आलीयास."