लेकीच्या नावाचा नंबर

जुनी हिरवी गाडी पुकारली, तसे लिलावाच्या शेडमधले शेतकरी चहाच्या कपात बघू लागले. परगावच्या रसेलनं पहिल्याच बोलीत पटकावली. गाडी भंगारच होती, पण पाटीवरचा नंबर ‘टेस’ असा वाचता यायचा आणि टेस त्याची लेक. “छान नंबर,” मागच्या रांगेतली बाई म्हणाली. “कुठल्या रस्त्यानं नेणार?” “लेकच नेतेय चालवत, गिरणीच्या वळणावरून,” तो कौतुकानं म्हणाला. बाई उठून गेली. थोड्या वेळानं टेसही पाटीशेजारी फोटो काढून हॉर्न वाजवत निघाली. पावती देताना कारकून हळूच म्हणाला, “पाटी झाकून ट्रेलरवरून न्या, साहेब. त्या बाईचं पोर याच गाडीखाली गेलं. चालवत कोण होतं, ते आधीच्या मालकानं सांगितलंच नाही. तिला दिसला तो फक्त नंबर. रोज गिरणीच्या वळणावर ट्रॅक्टर सुरू ठेवून त्याच नंबरची वाट बघते. गाडी आवारातच आहे ना?”