मैनाबाईचा परदेश

चंद्रपूरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर मैनानं तोंड मिटलं. आता पाचच्या परतीच्या गाडीत बसेपर्यंत ते उघडायचं नव्हतं.

समोर ऑटोवाला उभा. "कुठी जाच, मावशी?"

मैनानं हवेत कळस काढला, घंटा वाजवली, हात जोडले.

"बोलता येत नाई काय?" त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "बसा! बसा! मी बाबूभाई! नेतो बरोबर!" मुक्या माणसाला ऐकूही येत नसणार, असं धरून तो पुढं दिवसभर ओरडूनच बोलला.

ही सगळी शमीमची अक्कल. गोंडपिपरीच्या बाजारात मैनाची मासळीची पाटी आणि शमीमचं बांगड्यांचं दुकान समोरासमोर. जर्मनीहून पत्र येऊन आठ दिवस झाले होते. तिथल्या एका दवाखान्यात माणसं हवी होती. सगळं पक्कं होतं, शनिवारपर्यंत होकार तेवढा कळवायचा होता. आणि तो होकार मैनाच्या तोंडातून काही केल्या निघत नव्हता.

"तिथी आपली बोली कोणाले समजते, शमीम? भूक लागली म्हटलं तरी कोणाले कळन? तीन वर्सं कशी काढाची?"

"मंग इथीच करून पाय ना," शमीम म्हणाली. "एक दिवस एकटीनं चंद्रपूरले जा. त्यालेच परदेश समज. फीर, जेव, खरेदी कर, पण एक शब्द बोलू नको. निभलं तं हो म्हण. नाई निभलं तं नाई म्हणून टाक."

आता मैना झोपेतसुद्धा भाव करते असं बाजारात म्हणतात, तिला हे सांगायचं म्हणजे थट्टाच. तरी ती निघाली. पहाटे दोनदा साबण लावून आंघोळ केली. मासळीचा वास आला की घरची डिंपलच नाकाला ओढणी लावते, मग परदेशातले लोक काय करतील! दोरीवर डिंपलचा पांढरा ड्रेस वाळत होता. पोरगी अजून झोपलेली. तिला काही न सांगता मैनानं दार ओढून घेतलं.

परदेश तसा छान निघाला. अंचलेश्वराचं देऊळ पाहिलं, शेजारच्या गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. एरवी ती चंद्रपूरला यायची ती दवाखान्यापुरती, तीही डिंपलचा हात धरून. आज पहिल्यांदा जटपुरा गेटखाली उभं राहून मान वर केली. केवढा तो दरवाजा! मान खाली केली तर बाबूभाईचा ऑटो कुठंच दिसेना.

चहूकडून गाड्या, भोंगे, आणि विचारावं तर तोंड बंद. मैनाच्या डोळ्यांत पाणीच आलं. अस्संच होणार तिथं, अस्संच!

ती एका खानावळीच्या पायरीवर बसून राहिली. आतून मालकीण आली. तिनं काही विचारलं नाही. मैनाचं तोंड पाहिलं, हाताला धरून आत नेलं आणि वरण-भात वाढला. मैनानं पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून वरणाची एक पळी पडलीच. मैना पोटभर जेवली.

बाहेर येते तो बाबूभाई घामाघूम. "तुमालेच शोधून राह्यलो ना घंटाभर!"

मग खरेदी. कपड्यांच्या दुकानात मैनानं एका लाल स्वेटरवर बोट ठेवलं. दुकानातली मुलगी तो तिच्या अंगाला लावायला गेली. मैनानं मान हलवली आणि त्या मुलीच्याच खांद्यांना स्वेटर लावून, बाह्या मनगटापर्यंत ओढून पाहिल्या. हाच. घासाघीस बोटांनी केली, आणि जिंकलीसुद्धा.

चार वाजले होते. निभत होतं की! मैनाला हसू आवरेना.

स्टँडच्या वाटेवर मासळीबाजार लागला. मैनानं हात करून ऑटो थांबवला, आणि तिथंच चुकलं.

एक नवी नवरी वाटावी अशी पोरगी रोहू घेत होती. "आत्ताच तलावातून काढला, ताई," विकणारा सांगत होता. मैनानं लांबूनच माशाचे डोळे पाहिले. खोल गेलेले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोरीनं पिशवी उघडली.

"घेऊ नको वं माय!" मैना किंचाळली. "कल्ले पाय त्याचे, काळे पडले! परवाचा हाय तो, परवाचा! म्हणे तलावातला!"

पोरीनं पिशवी मिटली. मागून बाबूभाई ओरडला, "अरे, हे तं बोलते! मावशी, दिवसभर बोंबलून बोंबलून माहा गळा बसला ना!"

गाडीत मैना खिडकीला डोकं टेकून बसली. एक शब्द बोलायचा नव्हता, हिनं चांगले पंधरा-वीस बोलले. आता नाही म्हणायचं, दुसरं काय! गोंडपिपरी येईपर्यंत ती स्वेटरवरून हात फिरवत राहिली. फार वाईट वाटत होतं. पण ती वरणाची पळी काही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

डिंपल नर्सचा पांढरा ड्रेस घालून दारातच उभी होती. "माय! कुठी होती? फोन बी घरीच ठेवला!" धावत जवळ आली आणि तिनं नाकाला ओढणी लावली. "आन आज बी मासळीपाशीच गेली होती काय?"

 मैना खो खो हसत सुटली. पिशवीतला स्वेटर काढून तिनं डिंपलच्या खांद्यांना लावला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या.

"एका मासळीपायी मी हारली," ती म्हणाली. "तुले तं तिचा वासच सहन होत नाई. जा जर्मनीले, पोरी, तू नाई हारत."