खिचडीचे तांदूळ

जीपचा आवाज आला तशी बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. अंबिकाची पाटी होती, अंबिका नव्हती.

साहेब आज श्रुतलेखन तपासायला आले होते. अशा दिवशी बाई दरवर्षी कच्ची पोरं स्वयंपाकखोलीत लपवायच्या. यंदा मात्र शाळा सुटल्यावर रोज थांबवून, काना-मात्रा घोटून घेऊन त्यांनी अंबिकाला लिहितं केलं होतं. साहेबांनी आधी तिचीच पाटी बघावी, म्हणून तिला पुढं बसवलं होतं.

बाई धावत मागं गेल्या. अंबिका खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती.

“अगं, इथं काय करतेस? तुला येतंय ना आता सगळं!”

“पण बाई, साहेब आले की ढ पोरांनी इथंच बसायचं ना?”

काना-मात्रा शिकवायला बाईंना अख्खं वर्ष लागलं होतं. हा धडा त्यांनी अंबिकाला गेल्या साली एकदाच दिला होता.