हळकुंडाचा दोरा

माझ्या नणंदेचं, मनूचं लग्न झालं ते चव्वेचाळीस साल. मालक ब्रह्मदेशाकडं लढाईवर होते आणि बहिणीच्या लग्नाला रजा काढून येणार होते. हळदीच्या सकाळी मी रिठ्याच्या कोमट पाण्यात डोरलं धुवायला घेतलं.

"वयनी, दादा येनार म्हून किती घासताय? सोनं झिजंल की!" मनू हसत म्हणाली.

डोरलं गळ्यातून काढलं की तेवढ्या वेळापुरता हळकुंड बांधलेला दोरा घालायचा, नवऱ्याच्या जिवाला धोका नको म्हणून. सासूबाई त्यात फार कडक होत्या. मोकळा गळा दिसला की हातातलं काम टाकून त्या स्वतः दोरा आणून बांधायच्या. त्या दिवशी मात्र माझ्या गळ्याकडं बघत उंबऱ्यावर नुसत्या बसून राहिल्या.

"आवं आत्याबाई, दोरा द्या की," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे आता," त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी माझ्या हातातलं डोरलं घेतलं. पदरानं मणी न् मणी कोरडा केला, माझ्या गळ्यात घातलं आणि मनूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मांडव उतरंस्तवर काढू नगंस, पोरी."

 

मांडव उतरला त्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून दडवून ठेवलेल्या तारेचं सांगितलं. माझे मालक पाडव्यालाच लढाईत कामी आले होते.